दुसरा रिमोट

भाजे गावात मुक्ताबाईला ओळखत नाही असा माणूस नाही, पण तिला तिच्या नावानं कोणी ओळखत नाही. ती दत्तोबा वस्तादाची बायको. बेडशाहून लग्न होऊन आली तेव्हापासून तिची हीच ओळख, आणि तिला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. यात्रेत भैरवनाथाच्या देवळापुढे दत्तोबा लेझीम घेऊन उभा राहिला, की हलगीवाला आधी त्याच्या मनगटाकडे बघायचा आणि मगच हलगीला हात घालायचा. ओट्यावर बसलेल्या बाया मुक्ताबाईला कोपरानं ढोसायच्या.

"बघ गं, तुझा मोर निघाला."

"मोराला काय, नाचला की झालं," ती म्हणायची. "दाणं टिपायला लांडोर हायेच."

आणि बोलता बोलताही तिची नजर त्याच्या उजव्या मनगटावर असायची. मनगट फिरण्याआधी खांदा किंचित वर येतो, हे त्या गावात तिच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं.

पोट भरायला दोघं लोहगडाच्या वाटेवरचा एक बंगला सांभाळत. मालक पुण्याचे. शनिवार-रविवारी बंगला पाहुण्यांना भाड्यानं जायचा. दत्तोबा बागेचं बघायचा, मुक्ताबाई झाडलोट आणि पिठलं-भाकरी. सोमवारी पाहुणे गेले की आवराआवर करायची, आणि मग आठवडाभर त्या एवढ्या मोठ्या घरात दोघंच.

दिवाळी सरल्यावर एका सकाळी हिरवळीला पाणी घालताना दत्तोबाच्या हातातून पाइप सुटला. तो उचलायला त्याचा हात गेलाच नाही. पाणी वाहत राहिलं आणि दत्तोबा नुसता त्याच्याकडे बघत राहिला. अंगावरून वारं गेलं होतं. दवाखान्यातून घरी आला तो उजवा हात लोंबता आणि उजवा पाय फरफटत.

कामशेतला व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मुक्ताबाईला बाजूला घेऊन सांगितलं, "मावशी, पहिले काही महिने सोन्याचे असतात. आता हात जेवढे कष्ट करेल तेवढा तो परत येईल. ओली चिंधी पिळायला लावा, भिंतीवर बोटांनी चढायला लावा, तांदूळ वेचायला लावा. कंटाळले तरी सोडू नका."

दत्तोबा पहिल्याच दिवशी कंटाळला. "चिंधी पिळायला मी काय लोकांची धुणी घेतलीत? आन् तांदूळ बायकांनी निवडावं."

मालकांची मुलगी स्नेहल नाताळच्या सुट्टीत आली आणि तिनं ही कुरकुर ऐकली. बंगल्यात पाहुण्यांसाठी टीव्हीवरचा एक गेम होता. पांढरा रिमोट हातात धरायचा आणि हवेत हात फिरवायचा, की पडद्यावरचा बाहुला तसाच हात फिरवतो. मुक्ताबाईनं शनिवारी कितीदा बघितलं होतं, चांगले पोट सुटलेले साहेब सोफ्यापुढे उभे राहून हवेला फटके मारताहेत आणि त्यांची म्हातारी आई बसल्या जागी त्यांना हरवते आहे. एकानं तर छताला लटकणारा दिवाच फोडला होता. पण हसायचे मात्र सगळे. एरवी आपापल्या मोबाइलमध्ये तोंड घालून बसणारी माणसं त्या घटकेपुरती एकमेकांच्या पाठीवर थापा मारायची.

"दत्तोबाकाका, हा पण व्यायामच आहे," स्नेहल म्हणाली. "टेनिस खेळायचं. तुम्ही फक्त हात हलवा, पळायचं काम बाहुला करतो." तिनं बाहुल्याला पांढऱ्या मिशा लावल्या, डोकं पांढरं केलं आणि म्हणाली, "बघा, ओळखता का?"

दत्तोबा कितीतरी दिवसांनी हसला. "आयला, ह्यो तर माज्याहून देखणा हाय की!"

रिमोटचा गोफ उजव्या मनगटात अडकवला. समोरून चेंडू येई, बाहुला त्याच्या मागे तुरुतुरु धावे, आणि हात न उठल्यामुळे चेंडू शेजारून निघून जाई. एकदा मात्र दत्तोबाचा खांदा वर आला, कोपर थरथरलं, मनगट कसंबसं फिरलं आणि चेंडू जाळीपलीकडे जाऊन पडला. समोरच्यानं तो लगेच परतवला आणि गुण त्यालाच मिळाला.

"हरलो," दत्तोबा म्हणाला.

चेंडू पलीकडे गेला होता, हे मुक्ताबाईनं तेवढं पाहिलं.

स्नेहल पुण्याला गेली. रिकाम्या बंगल्यात दुपारी दत्तोबा खेळू लागला आणि रोज हरू लागला. गुण गेला की पडद्यावरचा बाहुला मान खाली घालायचा, आणि त्याच्याबरोबर दत्तोबाची मान खाली जायची. एका दुपारी त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "कशाला आणलं मला दवाखान्यातनं? तितंच ठिवायचं व्हतं."

दुसऱ्या दिवशी मुक्ताबाईनं त्याच्या मनगटात दुसरा रिमोट अडकवला, जो चालूच नव्हता. दिसायला दोन्ही सारखे. पहिला तिनं पदराखाली धरला आणि एका हातात झाडू घेऊन ती सोफ्याच्या मागे उभी राहिली. चेंडू आला. दत्तोबाचा खांदा किंचित वर आला, आणि पदराखाली तिचं मनगट फिरलं. चेंडू सणसणत पलीकडे गेला. टीव्हीतली माणसं टाळ्या वाजवू लागली.

"मुक्ते! बगितलंस?"

"बगितलं," ती म्हणाली.

एकदाच करायचं, असं तिनं ठरवलं होतं. पण त्या दिवशी तो दोन भाकऱ्या जेवला. पुढच्या दिवशी त्यानं न्हाव्याला बोलावणं धाडलं. मग आमटीत मीठ कमी म्हणून भांडला, आणि भांडण ऐकून मुक्ताबाईला चुलीपुढे रडू आलं, इतकं बरं वाटलं. थांबायचं कसं, ते तिला कळेना. एका दुपारी तिनं मन घट्ट करून हात हलवलाच नाही. दत्तोबा मागे वळला. त्याचं तोंड बघून ती म्हणाली, "सेल गेलं असतील," आणि सेल काढून परत बसवल्यासारखं करून पुन्हा त्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

चिंधी दांडीवर वाळून कडक झाली. ती ओली करून आणली, की दत्तोबा हसायचा. "आता कशाला ती? माणसं खोटं बोलत्यात मुक्ते, मशीन न्हाई बोलत."

कामशेतच्या बाईंनी त्याची बोटं उघडून पाहिली. ती आतल्या बाजूला आखडत चालली होती. "तुम्ही घरी काहीच करत नाही, बाबा."

"बाई, तुमी एकदा माज्यासंगं टेनिस खेळा. मग बोलू."

बाईंनी मुक्ताबाईकडे पाहिलं. मुक्ताबाई आपल्या पिशवीचे बंद सारखे करत होती.

चैत्रात यात्रा आली. भाज्यात वस्तादाचं लेझीम भैरवनाथापुढे ठेवलेलं असतं. ते वस्तादानंच उचलायचं, आणि हात थकले की त्यानंच आपल्या हातानं पुढच्याच्या हातात द्यायचं. खाली पडलं तर दुसऱ्या कोणी शिवायचं नाही, नाही तर त्या वर्षी डाव निघत नाही. दत्तोबाचा पुतण्या पवन पंधरा वर्षं काकाच्या मागे नाचत होता. तो संकोचत बंगल्यावर आला.

"नाना, यंदा माज्या हातात द्या. तुमी खुर्चीवर बसा, आमी तुमच्यापुढंच नाचू."

"खुर्चीवर तुज्या सासऱ्याला बसीव," दत्तोबा म्हणाला. "मी पाय न्हाई टाकनार, पन पयला डाव मीच धरनार. इचार काकीला, हात कसा फिरतोय त्यो!"

पवननं काकीकडे पाहिलं. "व्हय का गं काकी?"

तिला बोलायला हीच वेळ होती. ती म्हणाली, "च्या घेनार का?"

यात्रेच्या सकाळी त्याला फेटा बांधताना ती म्हणाली, "अवं, एक सांगायचं व्हतं."

"आल्यावर सांग. हलगी लागली बग."

देवळापुढे माणसं गोल करून उभी होती. दत्तोबानं डाव्या हातानं लेझीम उचललं, कपाळाला लावलं आणि उजव्या हातात दिलं. हलगीवाल्यानं सवयीनं मनगटाकडे पाहिलं. ओट्यावर बायकांत बसलेल्या मुक्ताबाईला खांदा वर आलेला दिसला. तिचा हात पदराखाली आपोआप फिरला. इथे त्याचा काही उपयोग नव्हता. लेझीम खणखणत फरशीवर पडलं.

कोणी हललं नाही. दत्तोबा वाकायला गेला, पण पाय साथ देईना. एक बारकं पोर हसलं आणि त्याच्या आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. पवन दोन पावलं पुढे आला आणि थांबला. त्याला शिवता येत नव्हतं.

मुक्ताबाई ओट्यावरून उतरली. दत्तोबाच्या काखेत हात घालून तिनं त्याला हळूहळू खाली बसवलं, त्याची आखडलेली बोटं लेझमाच्या दांड्यावर ठेवली आणि वरून आपली मूठ आवळली. त्याच्याच हातानं तिनं ते उचललं. उचलताना त्याचा खांदा वर आला, आणि तिचं मनगट फिरलं.

दत्तोबानं मान वळवली. तिच्या तोंडाकडे नाही, मनगटाकडे पाहिलं. आयुष्यभर तो पोरांची मनगटंच बघत आला होता. एकदा पाहिलेला हात तो विसरत नसे, आणि टीव्हीतल्या बाहुल्याचा हात रोज असाच फिरत होता.

"पवन," तो म्हणाला, "धर."

डाव चांगला निघाला. दत्तोबा खुर्चीवर बसला होता. लोक त्याच्या पाया पडून जात होते आणि तो डावा हात त्यांच्या डोक्यावर ठेवत होता.

त्यानंतर तो बंगल्याच्या दिवाणखान्यात गेला नाही. शनिवारी पाहुणे आले. मागच्या अंगणात दोघं बसली होती आणि आतून आरडाओरडा, हसणं, टीव्हीतल्या टाळ्या ऐकू येत होत्या. दत्तोबानं आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

"माजा रिमोट कदी चालूच नव्हता का?"

"न्हाई."

"एकदाबी न्हाई?"

मुक्ताबाईनं मांडीवरची ओली चिंधी उलगडली, पुन्हा घडी केली. "पयल्या दिशी व्हता. पोरगी व्हती ना तवा. एक बॉल तुमी पलीकडं टाकला व्हता. तुमचा तुमी."

"म्या?"

"व्हय. मी बगितला."

दत्तोबा मांडीवर पडलेल्या आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. मग डाव्या हातानं त्यानं चिंधी तिच्याकडून घेतली आणि उजव्या तळव्यावर ठेवली. बोटं मिटेनात. आत कोणीतरी जिंकलं असावं, परत टाळ्या झाल्या. मुक्ताबाईनं आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि ती चिंधीतून पाणी गळायची वाट बघत बसली.