पाहुण्यांसाठी घासलेला नाला

मोताळ्याजवळच्या एका गावात मी विज्ञान शिकवायला गेले, तेव्हा नवं राज्य होऊन फार वर्षं झाली नव्हती आणि माझा राग अगदी नाकावर असायचा. गावाला लागून नाला वाहत होता. दिवाळी उलटली की सरपंच त्यातल्या डोहात अंबाडी भिजत घालत. काड्या कुजल्या की साल सुटते, सालीचे दोर वळतात. बैलांना दोर हवेतच. पण डोहाच्या खालच्या अंगाला पाणी काळं पडायचं, मासे उलटे तरंगायचे, आणि उन्हाळ्यात खालच्या वाळूत झिरे खणून तेच पाणी सगळं गाव भरायचं. मी सरपंचांकडे तक्रार नेली. ते हसून म्हणाले, "बाई, आमच्या आज्यापासून अंबाडी तिथंच भिजते. पानी खराब होते म्हन्ता, तं दाखवून द्या. हलवतो मंग."

मी हट्टाला पेटले. सातवीची मुलं आणि महिला मंडळाच्या बायका अशी टोळी जमवली. मंडळाच्या पुढारी म्हणजे सरपंचांच्याच पत्नी. सगळ्या त्यांना काकू म्हणत. दर रविवारी आम्ही नाल्यावर. वाहत्या पाण्यातला दगड हळूच उचलायचा, उलटा करायचा, त्याला चिकटलेले किडे पांढऱ्या थाळीत घ्यायचे, बघायचे आणि परत सोडायचे. तीन शेपट्यांचा किडा दिसला की पाणी चांगलं. बारीक खड्यांचं घर अंगावर घेऊन फिरणारी अळी दिसली, तर फारच चांगलं. मुलांपेक्षा बायकाच पटाईत निघाल्या. एक आजी त्या अळीला "माही सून" म्हणायची, कारण तीही घर सोडून बाहेर निघत नसे. हसून हसून आमची पुरेवाट व्हायची.

बेत सोपा होता. डोहाच्या वरच्या अंगाला किड्यांनी भरलेले दगड सरपंचांना दाखवायचे, मग खाली नेऊन रिकामे दाखवायचे. पुढचं त्यांचं त्यांना कळलं असतं.

ठरल्या रविवारी ते धुतलेलं धोतर नेसून, पंचांना सोबत घेऊन आले. मी ऐटीत वरचा एक दगड उचलला. लख्ख! दुसरा उचलला. तोही लख्ख. तेव्हा कुठे माझं लक्ष काठावरच्या सड्याकडे आणि रांगोळीकडे गेलं.

"काकू, हे काय?"

काकूंचा चेहरा आनंदानं फुलला होता. "पाव्हने येनार म्हनून साऱ्या जनी पहाटीच आलो, बाई. चुलीतल्या राखीनं एकेक दगड घासला. किडे आपल्यासाठी चांगले, पन पाव्हन्याले कोनी किडे दाखवते का? एक ठेवला नाई!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण त्या उत्साहावर ओरडायचं तरी कसं? मुलं तोंडावर हात धरून फिदीफिदी हसत होती. सरपंच खाली जाऊन डोहाखालचे दगडही बघून आले. "वर किडा नाई, खाली किडा नाई. दोन्हीकडं सारखंच पानी की, बाई!" पंचही हसले. मला रडूच यायचं बाकी होतं. सगळ्या हिवाळ्याची मेहनत राखेनं घासून गेली होती.

तेवढ्यात सरपंचांना काहीतरी खटकलं. घरच्या कारभाराची चौकशी करावी तसे ते बायकोला म्हणाले, "वरचे दगड घासले, तं खालचे काऊन सोडले? काळेकुट्ट दिसून राह्यले."

"तिथं कोन उतरते?" काकू पटकन म्हणाल्या. "वासानं डोकं उठते."

"हाव ना, मळमळते," बाकीच्यांनी री ओढली.

सरपंचांनी वहाणा काढल्या, धोतर खोचलं आणि डोहाखालच्या पाण्यात उतरले. एक बुळबुळीत दगड उचलून नाकाशी नेला आणि लगेच टाकून दिला. वरच्या पाण्यात येऊन हात धुतला, वास घेतला, वाळू लावून पुन्हा धुतला. मग माझ्याकडे न बघता त्यांनी काकूंना विचारलं, "उन्हाळ्यात तुमी बाया हे पानी पेता?"

"आमी पेतो," काकू म्हणाल्या, "अन् तुमालेबी हेच पाजतो."

दुसऱ्या दिवशी अंबाडी भिजवण्यासाठी नाल्यापासून दूर गायरानात खड्डा खणायला सरपंच स्वतः फावडं घेऊन उभे होते.