मसण्याचं पिल्लू

बठ्ठ्यांना, सगळ्या मंडळींना राम राम! आज सकाळी शिरपूरकडच्या आमच्या केळीबागेत मी मसण्याचं, म्हणजे उदमांजराचं पिल्लू पाहिलं. एवढ्या वयात पहिल्यांदाच! रात्री फिरतात ना ती, दिवसा दिसणार कशी? काळंभोर, लांब शेपटीचं, अगदी गोजिरं.

शेजारीच त्याची आई मरून पडलेली. बांधापलीकडच्या नानांनीच काठीनं मारली. म्हणे, "अक्का, मसण्या शे तो! मसणातलं मढं उकरस!"

म्हटलं, "नाना, तोंड तर बघा तिचं. पिकलं केळं लागलंय!"



पिल्लू माझ्या पदरात आहे. सुनेनं कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून पाहिलं, पण गिळतच नाही. अंग गार पडत चाललंय. माझं बोट मात्र लबाडानं घट्ट धरलंय. आई समजतंय वाटतं मला.

बोट सोडवून कसं घेऊ, सांगा?