गुलाबाला जलसमाधी

सत्तरच्या दशकात सोलापुरात नळाला एक दिवसाआड पाणी यायचं, आणि त्याच काळात आमच्या घरात गुलाबाच्या फांद्या बुडून मेल्या.

फांद्या माझ्या बायकोच्या, शालनच्या माहेरच्या. बार्शीला त्यांच्या परसात तिच्या आईने लावलेला गावठी गुलाब होता. आई गेली, आणि आता भाऊ तिथं खोली बांधायची म्हणून झाड काढणार होता. शालनने ओल्या फडक्यात गुंडाळून फांद्या एसटीतून मांडीवर आणल्या.

"जगल्या पायजेत. दुसऱ्या मिळणार न्हाईत," एवढंच ती म्हणाली.

झालं! माझ्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. (तो जागा झाला की घरातले झोपेचं सोंग घेतात.) तुपाचे दोन रिकामे डबे घेतले, एकात एक बसवले. खालच्यात पाणी, वरच्यात माती, आणि मधल्या भोकातून चादरीच्या सुताची जाड वात! एक वाकडी फांदी डब्यात मावेना, ती मी 'अयोग्य' म्हणून फेकून दिली.

"आता वरनं थेंबभर पाणी घालायचं न्हाई!" मी जाहीर केलं.

"मग झाड पिणार कसं?" माझ्या आईने विचारलं.

"वातीनं!"

"वातीनं दिवा पितो की रे. झाड कुटं पितंय?"

आठवड्यात पानं पिवळी पडली. मी लगेच निदान केलं: ऊन लागतंय! डबा उचलून मोरीजवळ, पाण्याच्या हंड्यांशेजारी ठेवला. मग पानं गळाली, फांद्या काळ्या पडल्या. शेवटी वरचा डबा उपसला, तर खाली काठोकाठ पाणी, वर नुसता चिखल, आणि वास असा की माझे वडील, आप्पा, देवघरातून उठून आले!

"पाणी कुणी घातलं?" मी ओरडलो.

"नळ आला की परवाचं पाणी शिळं होतंय," आई म्हणाली. "ते काय मोरीत वतू? हितं मानसाला पाणी न्हाई!"

"मी निस्ती चूळ भरायचो तितं," आप्पा म्हणाले. "पन जादा पाणी भाईर जायला भोक कुटं हाय रे?"

भोक पाडायचं शास्त्रज्ञ विसरला होता!

"मी बी रोज घालत हुते," शालन हळूच म्हणाली. "आईचं झाड. तहानलेलं कसं बगू?" आणि डब्याशेजारी बसून ती रडायला लागली. मला फार वाईट वाटलं.

"रडू नगंस," आई म्हणाली. "ह्यानं फेकलेली वाकडी फांदी मी मागच्या गळक्या माठात खोचलीया."

आम्ही सगळे धावलो. फांदीला लालचुटुक कोंब! पाणी आईनं तिलाही भरपूर घातलं होतं, पण माठ गळका, त्यामुळे सगळं वाहून गेलं होतं. मी तिथंच टाळ्या पिटल्या.

पुढं तो गुलाब असा फुलला की गल्ली बघायला आली. पाहुण्यांसमोर मी जरा छाती काढून म्हणालो, "यात थोडा वाटा माझाही आहे, काय शालन?"

"हाय की!" ती म्हणाली. "तुमी नापास केलं, म्हणून तर वाचला!"