सगळं एकट्या कार्डालाच ठाऊक

आमच्या ऑफिसातल्या सर्व्हरवाल्या ताईंना एका जागी बसवतच नाही. नव्या सर्व्हरमधली एखादी डिस्क गेली तरी माहिती शाबूत राहावी, म्हणून 'रेड' करायचं होतं, म्हणजे एकीची उणीव बाकीच्या भरून काढतील अशी माहिती अनेक डिस्कवर वाटून ठेवायची. साहेब म्हणाले, "त्याचं कार्डच घ्या. सगळ्या डिस्क तेच सांभाळेल."

ताई उसळल्या. "आणि कार्डच मेलं तर? डिस्क धडधाकट, पण कुठे काय ठेवलंय ते एकट्या कार्डाला ठाऊक! सॉफ्टवेअरनं करू. डिस्क उचलून दुसऱ्या मशीनला लावल्या तरी चालतील."

तेवढ्यात ताईंच्या नवऱ्याचा घरून फोन आला. "अगं, बाबांच्या गोळ्या कुठायत? आणि कात्री?"

"खिडकीजवळच्या कपाटात, निळ्या डब्यामागे. दोन्ही!" सकाळपासून हेच चाललं होतं.

साहेब हसले. "मग, सॉफ्टवेअरच ना?"

"इथे तरी," ताई म्हणाल्या. "घरी मीच कार्ड होऊन बसलेय."