शेजारची जनुकं आणि धकाते सर

धकाते सर प्रयोगाच्या माश्यांसाठी आणलेलं केळं आधी स्वतः अर्धं खात. "आपल्याले आवडलं नाही तं माश्यांले काय आवडन?" ते उमरेडच्या विणकर घरातले. वर्गात शुद्ध मराठी बोलत, प्रयोगशाळेत घरची. एकोणीसशे ऐंशीच्या आसपास नागपुरात प्राणिशास्त्राच्या विभागात मी त्यांच्या हाताखाली संशोधन करत होते.

फळमाशीच्या अंड्याचं कवच ज्या प्रथिनांचं बनतं, ती आम्ही तपासत होतो. एका सदोष वाणात त्यातलं एक फारच कमी दिसे. मी त्याच्याच मागे लागले होते. सर म्हणाले, "एकट्याले काय पाहून राहिली वं? बाजूचा कोण आहे ते पाय."

पाहिलं, तर ते प्रथिन बनवणाऱ्या जनुकाला गुणसूत्रावर अगदी लागून असलेल्या जनुकाचं प्रथिनही तसंच घटलेलं. निरोगी माशीत दोन्ही जनुकं बरोबरच जागी होत आणि बरोबरच थांबत. सरांनी टेबलावर थाप मारली. "दोघांचं बटन एकच आहे, पोरी! बिनधास्त लिही."

मी लिहिलं. विभागाच्या चर्चासत्रात वाचलं. बाहेरून आलेले एक नामांकित प्राध्यापक हसले. "शेजारी राहतात म्हणून चूलही एकच? धकाते, तुमचंही हेच मत?"

सरांची बढती या प्राध्यापकांच्या शब्दावर अडली होती, हे मला ठाऊक होतं. तरी मी निर्धास्तपणे सरांकडे पाहिलं.

"नाही," सर शुद्ध मराठीत म्हणाले. "मुलीने घाई केली. मी तिला सावध केलं होतं."

बाहेर व्हरांड्यात मी विचारलं, "काहून असं बोलले, सर?"

"मनावर नको घेऊ वं. पुढं पाहू."

मी संशोधन सोडलं आणि भिवापूरच्या शाळेत शिकवू लागले. काही वर्षांनी सर अचानक घरी आले. परदेशातही शेजारशेजारची जनुकं एकाच नियंत्रणाखाली असल्याचं दिसलं होतं. त्यांचे डोळे भरले होते. "आपलं खरं निघालं वं!"

"आपलं नाही, सर. त्या दिवशी ते फक्त माझं होतं."

ते खाली बघत चहा प्यायले. मग एस.टी. स्टँडपर्यंत चालताना ते सगळं संशोधन त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि मी भान हरपून ऐकत राहिले. इतकं सुरेख शिकवणारं मला पुन्हा कोणी भेटलं नाही. सर जाऊनही आता बराच काळ लोटला. राग मात्र जात नाही, तो त्यांच्या त्या शिकवण्यामुळेच.