ढकलत नेलेला टेम्पो

मी चिडकी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला नवल वाटायला नको. गॅसवाला, केबलवाला, वर्गणी मागायला येणारी मंडळाची पोरं, सगळ्यांशी माझं एकदा तरी वाजलेलं आहे. फक्त पंपावर मी वर्षानुवर्षं तोंडातून शब्द काढला नव्हता. तिथे भांडायचं कुणाशी? नोझल धरलेला पोरगा भाव ठरवत नाही. मालक म्हणतो, भाव वरून येतो. वर कोण बसलंय ते पंपावरून दिसत नाही.

मी फुलांचा टेम्पो चालवते. मखमलाबादच्या मळ्यांतून झेंडू, शेवंती, गुलाब भरायचा आणि पहाटे पंचवटीतल्या बाजारात उतरवायचा. पूर्वी हे काम नवरा करायचा. साखरेने त्याची नजर अधू केली, तेव्हा स्टिअरिंग माझ्या हातात आलं. बाई काय टेम्पो चालवणार, म्हणून मळेवाल्यांनी आधी कुरकुर केली. मग एका पावसाळ्यात बांधाशेजारी रुतलेला टेम्पो मी मागे-पुढे करत एकटीने काढला आणि कुरकुर थांबली. आमचं घर त्या एका टेम्पोवर चालतं, दुसरं काही नाही.

आमच्या गल्लीत एक काका राहतात. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले, जुनी स्कूटर रोज सकाळी फडक्याने पुसणारे. एकदा पंपावर ते माझ्या पुढे होते. पेट्रोल भरून झाल्यावर त्यांनी पावती मागितली आणि माझ्यापुढे धरली. "ताई, यात तेल किती आणि कर किती, कधी विचार केलाय?" मी म्हटलं, मला काय करायचंय. मग त्यांनी तिथेच उभं राहून समजावलं: केंद्राचा वेगळा, राज्याचा वेगळा, वर सेस. "आणि राज्याराज्यात सारखाही नाही. सुरगाण्याकडची माणसं सीमा ओलांडून गुजरातेत जातात आणि टाकी भरून येतात. तीच गाडी, तेच तेल, भाव कमी."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. महागाईची नव्हे, तिची आता सवय झाली आहे. इतकी वर्षं मी तेलाला शिव्या घालत होते आणि तेल बिचारं निर्दोष होतं, याची.

तिथून ते सुरू झालं. काकांनी टाकीच्या झाकणावर बसतील असे गोल स्टिकर छापून आणले. 'आत तेल कमी, कर जास्त.' एवढंच लिहिलेलं. पहिला माझ्या टेम्पोला लावला. दुसरा आमच्या स्टँडवरच्या रिक्षावाल्याने मागून घेतला. त्याला सगळी गल्ली भाऊ म्हणते. मी म्हटलं, "भाऊ, तुझी रिक्षा तर गॅसवर चालते." तो म्हणाला, "गॅस काय फुकट हाय का ताई? आन् घरी मोटरसायकल हाय, ती काय पाणी पिती?" आम्ही तिघं संध्याकाळी सिग्नलला उभे राहायचो. गाड्या थांबल्या की स्टिकर द्यायचे आणि राज्याने कर कमी करावा, या मागणीवर सही घ्यायची. एसी गाडीवाले काच दोन बोटं खाली करायचे. पण घ्यायचे, हे सांगायला हवं. महिनाभरात अनोळखी गाड्यांवर तो स्टिकर दिसायला लागला आणि मला उगाच त्या गाड्या ओळखीच्या वाटायला लागल्या.

मग मोर्चा ठरला. बाजारापासून कलेक्टर ऑफिसपर्यंत आपापली वाहनं घेऊन जायचं आणि सह्या द्यायच्या. दसऱ्याच्या दोन दिवस आधीचा दिवस पक्का झाला, कारण नंतर सुट्ट्या. परवानगीच्या अर्जावर कुणाचं तरी नाव लागणार होतं. त्या बैठकीत गडी बरेच होते. कुणाला मुलीचं लग्न आठवलं, कुणाला बढती, कुणाला व्याही. एकेकाने पाय काढता घेतला. काकांनी पेन उघडलं होतं, पण त्यांच्या छातीत दोन स्प्रिंगा बसवलेल्या, त्यांना पोलीस ठाण्यात खेपा घालायला लावणं मला पटेना. पेन मी ओढून घेतलं.

पोलिसांनी परवानगी नाकारली. वर माझ्या नावाने नोटीस आली. वाहनं चालवत आणून रस्ता अडवलात, तर वाहन जप्त करण्यात येईल. ठाण्यातल्या साहेबांनी ती मला समोर बसवून वाचून दाखवली. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "ताई, दसरा तोंडावर आहे. तुमचा टेम्पो अडकला तर नुकसान तुमचंच. बाकीच्यांचं काय जातंय?"

ते खरंच होतं, म्हणून जास्त झोंबलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळ्या मळ्यांचा झेंडू एकदम निघतो. त्या दिवशी मी उभी राहिले नाही, तर मळेवाले दुसरा टेम्पो बघणार, आणि एकदा दुसरा टेम्पो लागला की तो वर्षभरासाठी लागतो. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "नाही गेलीस, तर कुणी तुला नावं ठेवणार नाही." मी म्हटलं, "मी ठेवेन ना." त्याला माहीत आहे मी कशी आहे ते.

नोटीस मी पुन्हा पुन्हा वाचली. चालवत आणून, असं लिहिलं होतं. ठीक आहे. चालवत नाही आणत, ढकलत आणते. काकांना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग गंभीर होऊन म्हणाले, "टाकीत थेंबभर जरी असलं, तरी ते म्हणतील गाडी चालू करा आणि चालते व्हा. टाकी खरंच रिकामी पाहिजे." तसा निरोप सगळ्यांना गेला. आदल्या संध्याकाळी गल्लीत लोक स्कूटरी आडव्या करून पेट्रोल काढत होते. मी टेम्पो बाजाराच्या गेटपाशी नेला आणि धाप टाकून बंद पडेपर्यंत इंजिन चालू ठेवलं. भाऊ शेजारी उभा होता. "ताई, लय कोरडी करू नका. लाइनीत हवा जाईल, मग डिझेल टाकलं तरी चालू नाय व्हणार." डिझेलच्या गाडीचं तसंच असतं. टाकी कोरडी झाली की नळीत हवा भरते आणि ती हाताने पंप मारून काढावी लागते. मी म्हटलं, "जाऊ दे."

सकाळी सह्या करणाऱ्यांपैकी निम्मेसुद्धा आले नाहीत. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण आले ते मनापासून आले. स्कूटरी, मोटरसायकली, काही रिक्षा, आणि काच दोन बोटं खाली करणाऱ्यांपैकी एक जण आपली पांढरी गाडी घेऊन, बूट घालून, घामाघूम. सगळ्यांत जड माझा टेम्पो. मी स्टिअरिंगवर आणि मागे भाऊ आणि त्याचे स्टँडवरचे मित्र. मालेगाव स्टँडचा उतार आला. इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा होतो. दोन्ही पाय त्यावर रोवून मी टेम्पो पुलावर आणला. पुढे रविवार कारंजाचा चढ.

चढावर आम्ही अडकलो. मागे बस, बसमागे सगळं शहर. हॉर्नने कान किटले. बसमधून एक बाई उतरली, खांद्याला पर्स, हातात डबा. माझ्या खिडकीशी येऊन म्हणाली, "तुमच्यामुळे माझा लेट मार्क लागणार आहे." मी काही बोलायच्या आत मागे गेली आणि ढकलायला लागली. तिच्या मागोमाग बसमधली आणखी माणसं उतरली. काही शिव्या देत ढकलत होती, काही नुसत्याच शिव्या देत होती.

तेवढ्यात साहेबांची जीप आडवी आली. "ताई, गाडी चालू करा आणि बाजूला घ्या." मी म्हटलं, "टाकी कोरडी आहे साहेब." त्यांनी स्वतः झाकण उघडलं, आत बघितलं, झाकण लावलं. स्टिकरवर नजर पडली असणारच. म्हणाले, "किल्ली द्या. जप्त." मी किल्ली दिली. रागाने दिली, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. खरं तर मला समोर दसरा दिसत होता आणि मळ्यात भरून ठेवलेले झेंडूचे क्रेट दिसत होते.

साहेबांनी कॅनमधून डिझेल मागवलं. आमच्या देखत ते माझ्या टाकीत ओतलं. हवालदाराने किल्ली फिरवली. टेम्पो कुंथला, पण चालू काही झाला नाही. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. भाऊ आभाळाकडे बघत होता. काका चष्मा पुसत होते. मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मागे बसचा हॉर्न चालूच होता. शेवटी साहेब ओरडले, "बघता काय, ढकला." खाकीतल्या चार जणांनी माझ्या टेम्पोला खांदा लावला आणि सगळ्या रस्त्याने टाळ्या वाजवल्या. आम्ही ज्यांच्याविरुद्ध निघालो होतो, त्यांच्याच माणसांनी आमचा टेम्पो चढ चढवून नेला. डिझेलवरचा करही त्यांनीच भरला होता. काका मात्र तिथे थांबले नाहीत. स्कूटर ढकलत ते कलेक्टर ऑफिसला गेले, सह्या दिल्या आणि पोच घेऊन आले.

टाळ्या संपल्या, टेम्पो ठाण्याच्या आवारात गेला. कोर्टाने सोडल्याशिवाय मिळणार नाही, असं सांगण्यात आलं, आणि कोर्टाला सुट्टी. रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळीच मळ्यातून फोन. ज्यांचा माल सगळ्यांत जास्त, ते आजोबा बोलत होते. "पोरी, टेम्पो पोलिसांनी नेला म्हनं. दुसरा बघू का?" मी म्हटलं, "बघू नका आजोबा. मी येते." कशी येणार, ते मलाच माहीत नव्हतं. फोन ठेवून बाहेर आले तर काका स्कूटर पुसत होते. त्यांना सांगितलं. काकांनी फडकं टाकलं आणि फोन लावायला सुरुवात केली.

दुपारपर्यंत मळ्याच्या रस्त्यावर रांग लागली. रिक्षांमध्ये सीटपर्यंत झेंडू. स्कूटरींच्या पायापाशी पोती. पांढऱ्या गाडीवाल्याने डिकी भरली, मागची सीट भरली आणि पुढे स्वतःच्या बायकोच्या मांडीवर एक क्रेट दिला. मोर्चाला न आलेलेही आले, खाली मान घालून. आजोबा बांधावर उभे राहून एकेक गाडी बघत होते. शेवटचं पोतं उचललं तेव्हा मला म्हणाले, "येवढं वऱ्हाड आमच्या घरच्या लग्नालाबी नव्हतं." मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. संध्याकाळी सगळा माल बाजारात उतरला होता. त्यासाठी प्रत्येकाने आपल्या टाकीत तेल भरलं होतं आणि त्यावर पुरेपूर कर भरला होता. त्याचा राग मला अजून आहे.

टेम्पो पुढे दंड भरून सुटला. डिझेलचा भाव आहे तिथेच आहे, आणि मोर्चाच्या पुढच्या अर्जावर पुन्हा माझंच नाव आहे. पण दसऱ्याच्या सकाळचं सांगायचं राहिलं.

दसऱ्याला गाडी धुवायची, हार घालायचा, चाकाखाली लिंबू ठेवून ते चिरडायचं, हे मी कधी चुकवलं नाही. बादली, हार, नारळ घेऊन ठाण्यात गेले. तिथेही धांदल होती. जीप धुऊन ठेवलेल्या, हार चढलेले. माझा टेम्पो मात्र कोपऱ्यात, धुळीने माखलेला. साहेब म्हणाले, "ताई, ही जप्तीतली गाडी आहे." मी म्हटलं, "पूजा करायला मनाई आहे, असं नोटिशीत कुठे लिहिलंय?" मी टेम्पो धुतला. कुंकवाने स्वस्तिक काढलं, हार बांधला, नारळ फोडला. पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. आता गाडी हलायला हवी आणि किल्ली साहेबांच्या ड्रॉवरमध्ये.

साहेब जवळ आले. हळूच विचारलं, "ताई, त्या दिवशी डिझेल टाकूनसुद्धा टेम्पो चालू का झाला नाही?"

मी म्हटलं, "लाइनीत हवा गेली होती. थोडा पंप मारला की निघते."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही ढकलला असता का?"

साहेब हवालदारांकडे वळून म्हणाले, "वीतभर ढकला रे. जास्त नाही." त्याच चौघांनी पुन्हा खांदा लावला. मी हँडब्रेक सोडला. टेम्पो वीतभर पुढे सरकला आणि लिंबू फुटलं.