तिसरा अल्बम, न ऐकलेला

त्या बँडचा तिसरा अल्बम भिकार आहे, असं आमच्या ग्रुपवर सगळ्यात आधी मी लिहिलं. पुढेही लिहीत राहिले. ड्रमरला काढून मशीन बसवलंय, दोन गाणी उगाच हिंदीत घुसडलीत, गायकाचा आवाज इस्त्री करून आणल्यासारखा वाटतो. जे सुचेल ते लिहिलं. त्यातलं एकही गाणं मी ऐकलेलं नव्हतं.

आता कुणी मला खोटारडी म्हणेल. म्हणू दे. पण का ऐकलं नव्हतं ते आधी वाचा आणि मग म्हणा.

बँड चौघांचा, मराठी रॉक वाजवणारा. फार लोकांना माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हाला तेच आवडायचं. पालघरपासून वापीपर्यंतचे त्यांचे सगळे चाहते एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये मावायचे, वर जागा उरायची. पहिला अल्बम त्यांनी एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत रेकॉर्ड केला होता. चौथ्या गाण्यात गायक श्वास घ्यायला थांबतो, तेव्हा खालून गिरणीची घरघर ऐकू येते. ती घरघर आमच्यासाठी आरतीच्या घंटेसारखी होती. ग्रुपमध्ये नवीन माणूस आला की त्याला पहिला प्रश्न तोच, घरघर ऐकलीस का?

मी घोलवडला एका नर्सरीत कामाला आहे. रायणीच्या रोपावर चिकूचं कलम बांधायचं, हे माझं काम. पावसाच्या तोंडावर गंजाडचा एकजण बांधावर लावायला कलमं न्यायला आला होता. माझ्या फोनवर तेच चौथं गाणं चालू होतं. त्याने हातातलं रोप खाली ठेवलं, बोट वर केलं आणि बरोबर घरघरीच्या जागेला म्हणाला, "आली." आमची ओळख एवढ्यावर झाली. कलमांचे पैसे देईपर्यंत आमचं पहिलं भांडणही झालेलं होतं. त्याच्या मते त्या गाण्यातलं गिटार बेसूर होतं.

तिसरी माझी कॉलेजातली मैत्रीण, चिंचणीची. ती तारापूरच्या एका कंपनीत पॅकिंगला आहे, आणि तिची आई बोंबील सुकवून विकते. गंजाडचा तो आम्हाला कधी नावाने हाक मारायचा नाही. मी 'घोलवड' आणि ती 'चिंचणी'. मग तो आपोआप 'गंजाड' झाला. त्याच्या आईच्याही तोंडात तेच बसलं. "आज घोलवड येनार का? मंग भात जास्ती टाकते," असं ती त्याला विचारायची.

आमच्या दोघांचं काही आहे का, असं लोकांनी पुष्कळदा विचारलं. नव्हतं. तो माझा भांडायचा हक्काचा माणूस होता. हे पद घरात कुणाला झेपलं नव्हतं, त्याने ते सांभाळलं.

दुसरा अल्बम आला त्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत इयरफोन कानात घालून बसले होते. बटणावर बोट ठेवणार तेवढ्यात त्याचा फोन आला.

"घोलवड, लावलंस?"

"लावतेय."

"काढ ते कानातलं. आमच्यात नवं कुणी एकट्यानं खात नाही."

त्यांच्या पाड्यावर नवं भात किंवा नवी भाजी घरात आली की कुणी ती लगेच तोंडात टाकत नाही. आधी नवं करतात. देवाला ठेवतात, सगळे एकत्र बसून खातात, आणि त्यानंतर ज्याने त्याने हवं तेव्हा हवं तेवढं खावं. त्याआधी चोरून खाल्लं तर बाधतं म्हणे. मी म्हटलं, गाणं कुणाला बाधत नाही. तो म्हणाला, तुला बाधेल, तुझी नजरच वाईट आहे.

मग रविवारी त्याच्या खळ्यावर आम्ही दुसऱ्या अल्बमचं नवं केलं. चिंचणी रात्रपाळी करून थेट आली होती, डोळे लाल. त्याचा निळा स्पीकर मधे ठेवला आणि शेवटच्या गाण्यापर्यंत कुणी बोलायचं नाही असं ठरलं. मी पूर्ण वेळ ओठ चावत बसले. शेवटचं गाणं संपलं आणि मी सुटले. स्टुडिओत जाऊन वाट लावून घेतली यांनी. सगळं गुळगुळीत. घरघर कुठाय? पहिल्या अल्बममध्ये जीव होता, आता नुसतं पॉलिश आहे.

तो ऐकून घेत होता. समोरचा बोलून थकेपर्यंत शेंगा सोलत बसायची त्याची घाणेरडी सवय होती. मग म्हणाला, "चिकू झाडावरून काढला की लगेच खातेस तू?"

"चीक असतो त्याला."

"मग? हापण आत्ताच काढलाय. चार दिवस ठेव."

"माझ्याच धंद्यातलं मला शिकवू नकोस."

"तुला दुसरं काही कळत नाही, म्हणून तुझ्या धंद्यातलं सांगतो."

आणि मेल्याचं खरं झालं. आठवडाभरात मी कलमं बांधताना त्याच अल्बममधलं दुसरं गाणं गुणगुणायला लागले. नर्सरीत आलेल्या त्याच्या कानावर ते पडलं, आणि महिनाभर त्याने मला तोंड वर काढू दिलं नाही. ग्रुपवर तर तो नव्या अल्बमचा वकीलच झाला. कुणी "पहिल्याची मजा नाही" असं लिहिलं की याचं ठरलेलं उत्तर, "चीक जाऊ दे."

'मेल्या' हे मी त्याला उठताबसता म्हणायची. आता तो शब्द कुणासाठीच तोंडातून निघत नाही.

तो तलासरीला एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करायचा. या उन्हाळ्यात कामावरून घरी येताना हायवेवर ट्रकने त्याच्या मोटरसायकलला उडवलं. बाकीचं मला लिहायचं नाही. ग्रुपच्या फोटोच्या जागी चारदोन दिवस त्याचा फोटो होता, नंतर परत बँडचं पोस्टर आलं. मला त्याचाही राग आला. त्या दिवसांत मला नळाला पाणी उशिरा आलं तरी राग यायचा आणि वेळेवर आलं तरी यायचा.

तिसरा अल्बम पावसाळ्यात आला. त्या दुपारी मी डबा उघडून बसले आणि फोनकडे बघत राहिले. कशाची वाट बघतेय हे कळायला मला वेळ लागला. कळलं तेव्हा डबा तसाच बंद केला.

ऐकायचा तर तिघांनी, आणि तिघं आता होणार नव्हतो. म्हणजे ऐकायचा नाही, एवढं सरळ होतं. मी एकटीने किंवा आम्ही दोघींनी तो ऐकला असता तर त्याच्यावाचून नवं केलं असं झालं असतं. तो येणार नाही हे मान्य केल्यासारखं. त्याच्या अग्नीला मी उभी होते, दहाव्याला गेले होते, सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. तरीही हे एवढं मी मान्य करत नव्हते. जोवर अल्बम ऐकलेला नाही, तोवर आमची बैठक व्हायची बाकी होती आणि तो नेहमीसारखा उशीर करत होता.

पण ग्रुपवर गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. तिथे रोज हाणामारी चालली होती. एक बाजू म्हणायची, बँड विकला गेला. दुसरी म्हणायची, तीच तीच घरघर जन्मभर का वाजवायची? वापीचा एकजण मराठी-गुजराती मिसळून लिहायचा, "बेन, जुनं ते जुनं, पण आ पण सरस आहे. एकदा शांतीने ऐका ने." मी दुसऱ्यांच्या तक्रारी उचलायची, त्यांना धार लावायची आणि फेकायची. ड्रम मशीनची तक्रार पालघरच्या कुणाचीतरी होती, इस्त्रीची तेवढी माझी. कुणी फार वाद घातला की मी शेवटचं अस्त्र काढायची. 'आज गंजाड असता तर त्याने हा अल्बम ऐकून फोन ओढ्यात फेकला असता.' यावर सगळे गप्प व्हायचे. गेलेल्या माणसासमोर कोण बोलणार?

एकदा पालघरच्याने साधेपणाने विचारलं, "ताई, तिसऱ्या गाण्याबद्दल काय वाटतं?" मी लिहिलं, ड्रम इतके चढवलेत की गायकाचा आवाज बुडून गेलाय. थोड्या वेळाने त्याचं उत्तर आलं. "ताई, त्या गाण्यात ड्रम नाहीयेत. नुसता आवाज आणि गिटार आहे."

मग हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मी फोन पालथा घातला. संध्याकाळी चिंचणीचा फोन आला.

"तू ऐकलाच नाहीयेस ना?"

"नाही."

मागे तिच्या आईचा आवाज येत होता, ती कुणालातरी कुत्रं हाकलायला सांगत होती. चिंचणी म्हणाली, "मीपण नाही. ग्रुप म्यूट करून ठेवलाय. तुझे मेसेज तेवढे वाचते."

"मग गप्प का बसलीस?"

"तू भांडत होतीस ना. मला वाटलं, तेवढं तरी चालू राहू दे."

त्यावर मी रडले. तो गेल्यावर सगळ्यांसमोर रडले होते ते वेगळं. हे पोटातून आलं. माझं झाल्यावर ती म्हणाली, "त्याच्या आईकडे जाऊ. दहाव्यानंतर आपण दोघीही गेलो नाही."

गेलो नव्हतो ते खरंच होतं. काय बोलायचं, हा प्रश्न होता. लवकर पिकणारं हळवं भात कापून झालं होतं तेव्हा डहाणूहून रिक्षाने आम्ही गंजाडला गेलो. त्याची आई अंगणात भात पाखडत होती. आम्हाला बघून तिने सूप खाली ठेवलं. "घोलवड आली, चिंचणी आली," म्हणाली आणि पुढे थांबली. पुढचं गाव तिच्याच्याने म्हणवलं नाही.

त्या दिवशी त्यांच्याकडे नवं होतं. आम्हाला ठाऊक नव्हतं. चुलीवर नवा भात शिजत होता. चिंचणीने आणलेले बोंबील आईने लगेच भाजायला घेतले. मी कशी कुणास ठाऊक, चुलीशी बसून तिला सगळं सांगून टाकलं. अल्बम म्हणजे काय इथपासून. त्याने केलेला नियम, दुसऱ्या अल्बमची बैठक, हा तिसरा आम्ही दोघींनी अजून कानावर पडू न दिलेला. मला वाटलं, तिला बरं वाटेल.

तिने हातातला चिमटा ठेवला. "येड्या का काय तुमी? नवं आधी गेलेल्यांनाच ठेवतात. देवाला, मंग त्यांना, मंग आपन. तुमी त्याला एवढे दीस उपाशी ठेवलाय होय?"

हे आमच्या डोक्यात आलंच नव्हतं. त्याने आम्हाला अर्धाच नियम सांगितला होता. बाकीच्या अर्ध्याची तेव्हा गरज नव्हती.

तिने पानावर भात वाढला, वर भाजलेला बोंबील ठेवला आणि पान खळ्याच्या कडेला नेऊन ठेवलं. मग घरातून कापडात गुंडाळलेला निळा स्पीकर आणला. चार्जिंगला लावून आम्ही थांबलो. तो चालू केल्यावर बराच वेळ नुसताच लुकलुकत राहिला, आधी त्याचाच फोन शोधत होता. शेवटी माझा घेतला. मी स्पीकर पानाशेजारी ठेवला आणि पहिलं गाणं लावलं. शेवटपर्यंत कुणी बोलायचं नाही हे आईला सांगावं लागलं नाही.

पहिलं गाणं मला आवडलं नाही. दुसरंही नाही. माझ्या जिभेवर सगळं तयार होतं, आणि या वेळी ऐकून तयार झालेलं होतं. मग ते तिसरं आलं, ड्रम नसलेलं. गायकाचा आवाज मधेच थोडा घोगरा होतो आणि तो तसाच ठेवलेला आहे, इस्त्रीबिस्त्री काही नाही. तिथे मी सवयीने डावीकडे वळले, कारण तो कायम माझ्या डावीकडे बसायचा. तिथे सूप होतं. तेव्हा मला अगदी स्वच्छ कळलं की या जागेला तो काय करेल. बोट वर करेल. म्हणेल, "आली." या गाण्यासाठी तो सगळ्या ग्रुपशी एकटा भांडला असता. सगळ्यात जास्त माझ्याशी. आणि इतके दिवस मी त्याचं नाव घेऊन त्याच्याच विरुद्ध भांडत होते, आणि चीक जाऊ दे म्हणणारं कुणी नव्हतं.

शेवटचं गाणं संपलं. पानावरच्या बोंबलाकडे एक कावळा कुंपणावरून बघत होता, त्याला कुणी हाकललं नाही. आईला त्यातलं काही समजलं असेल असं नाही. तिने चिंचणीला न विचारता मला विचारलं.

"घोलवड, त्याला आवडलं असतं का गं?"

चिंचणी माझ्याकडे बघायला लागली. माझे सगळे मेसेज तिने वाचले होते.

"खूप," मी म्हटलं. "खूप आवडलं असतं."

आईने पदराने तोंड पुसलं आणि पानाच्या बाजूला जरा सरकून बसली. "मंग परत लाव," ती म्हणाली. "एका हाकेत तो कव्हा आलाय?"

मी परत पहिल्या गाण्यापासून लावलं.